आपल्या अंगणासाठी डेलिली निवडताना

(न्यू जर्सीतील मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



जूनच्या अखेरीस आपल्याकडच्या कुठल्याही काउंटी रोडवरून गाडी नेली, की कडेच्या चरांमध्ये नारिंगी फुलांचे ताटवे दिसतात. ते कुणी लावलेले नाहीत, त्यांना कुणी पाणी घालत नाही, तरी दरवर्षी त्याच जागी ते उभे राहतात. आपल्यातल्या पुष्कळांची डेलिलीशी पहिली ओळख तिथेच होते. मग नवं घर घेतलं की शेजारी मोठ्या प्रेमाने त्यातलाच एक गड्डा मातीसकट आणून देतात. निवडीचा पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो, तो गड्डा घ्यायचा का?

माझं म्हणणं असं, की शेजाऱ्यांचे आभार मानावेत, पण तो गड्डा वाफ्यात लावू नये. ही हेमेरोकॅलिस फुल्वा, तिचं 'युरोपा' नावाचं वाण. मूळची पूर्व आशियातली. सोळाव्या शतकात ती युरोपात पोचली आणि पुढे वसाहतकरी माणसांच्या सामानातून अमेरिकेत आली. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत, एकूण 33 गुणसूत्रं. त्यामुळे तिला बी जवळजवळ धरतच नाही. ती पसरते जमिनीखाली धावणाऱ्या खोडांनी. म्हणजे या राज्यभर रस्त्याकडेला जी दिसते, ती एकाच झाडाची वाटून वाटून झालेली संतती आहे. वाफ्यात आली की चार-पाच वर्षांत ती शेजारच्या झाडांची जागा खाते, आणि उपटताना तुकडा मागे राहिला तर पुन्हा फुटते. काही राज्यांत तिची गणना उपद्रवी परदेशी वनस्पतींत होते. घरामागे रान किंवा ओढा असेल, तर उतारावरसुद्धा ती लावू नये. बागेसाठी तयार केलेली बहुतेक संकरित वाणं अशी धावत नाहीत, आपल्या जागी गड्डा धरून राहतात. आज मी बोलणार आहे ती त्यांच्याविषयी.

त्याआधी मांजरांची गोष्ट सांगते, कारण ती नंतरसाठी ठेवण्यासारखी नाही. घरात मांजर असेल, तर डेलिलीची फुलं फुलदाणीत ठेवू नका, आणि ते बाहेर फिरत असेल, तर डेलिली लावूही नका. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही खरी लिली नाही, ती कोरफडीच्या कुळातली आहे. पण मांजराच्या बाबतीत दोघी सारख्याच घातक. पान, फूल, परागकण, थोडंसंही पोटात गेलं तर मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तसं झाल्याची शंका आली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, ताबडतोब पशुवैद्याकडे जायचं.

आता झाड नीट बघू या. जमिनीत जाड, मांसल मुळांचा गड्डा. त्यातून पंख्यासारख्या पसरलेल्या पानांचे फुटवे. प्रत्येक फुटव्यातून निशिगंधासारखा एक दांडा वर येतो आणि त्याच्या फांद्यांवर कळ्या धरतात. फूल एका दिवसाचं. सकाळी उमललेलं रात्रीपर्यंत मिटून जातं आणि दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उघडते. हा हिशेब समजला की निवडीचा अर्धा गुंता सुटतो. एका चांगल्या दांड्यावर वीस-पंचवीस कळ्या असतात. तीन-चार वर्षांच्या गड्ड्याला सात-आठ दांडे आले, तर दीडशे ते दोनशे फुलं होतात आणि बहर तीन-चार आठवडे चालतो. दांड्याला फांद्या नसल्या आणि टोकावर आठ-दहाच कळ्या असल्या, तर फूल कितीही देखणं असो, दहा-बारा दिवसांत सगळं आटोपतं आणि जुलै-ऑगस्टभर तुमच्या वाट्याला नुसती पानं येतात. कॅटलॉगमधला फोटो एका फुलाचा असतो, बहुधा सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात काढलेला. त्यात कळ्या मोजता येत नाहीत, पानं दिसत नाहीत, संध्याकाळी पाचला ते फूल कसं दिसतं तेही कळत नाही. आज माझ्या सगळ्या बोलण्याचा रोख एवढाच आहे, की डेलिली फोटोवरून घेऊ नका. आपल्याच हवामानात जमिनीत वाढलेला पुरा गड्डा डोळ्यांनी बघा आणि मग घ्या.

एवढा आग्रह धरायचं कारण म्हणजे निवडीचा पसारा. अमेरिकन डेलिली सोसायटीकडे आजवर एक लाखाहून जास्त वाणांची नोंद झाली आहे. हे सगळं जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांतलं काम. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जॉर्ज येल्ड नावाच्या इंग्लंडमधल्या एका शाळामास्तरांनी 'अ‍ॅप्रिकॉट' हा पहिला नोंदलेला संकर केला. पण या झाडाला आजचं रूप दिलं ते आपल्या शेजारच्याच ब्रॉन्क्समध्ये, न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये. डॉ. आर्लो बर्डेट स्टाउट तिथे 1911मध्ये रुजू झाले. तेव्हा बागांमध्ये असायच्या त्या पिवळ्या आणि नारिंगी डेलिली. नानजिंगमध्ये शिकवणारे अल्बर्ट स्टीवर्ड त्यांना चीनमधून जंगली रोपं आणि बिया पाठवत राहिले. त्यांत गुलाबी छटेची फुल्वाही होती. स्टाउट यांनी पन्नास हजारांहून जास्त संकर हाताने केले आणि त्यांतून नाव देऊन बाजारात पाठवली सुमारे शंभर वाणं. हे प्रमाण माझ्या मनात कायमचं बसलं आहे. गडद लाल 'थेरॉन' 1934मधलं, त्याच वर्षी त्यांचं डेलिलीवरचं पुस्तकही आलं. आज आपण जी लाल, जांभळट, गुलाबी डेलिली सहज उचलून गाडीत ठेवतो, तिच्यामागे या माणसाची चाळणी आहे.

दुसरं मोठं वळण रसायनाने आलं. कॉल्चिसीन नावाचं द्रव्य कोवळ्या वाढीला लावलं, की पेशींतली गुणसूत्रं दुप्पट होऊ शकतात, 22ची 44. हे कॉल्चिसीन आपल्या ओळखीच्या एका वनस्पतीतही असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती कळलावी. ऑर्व्हिल फे आणि रॉबर्ट ग्रीसबाख यांनी 1961मध्ये शिकागोच्या अधिवेशनात अशी चतुर्गुणित रोपं दाखवली आणि पैदासकारांचा सगळा प्रवाह तिकडे वळला. नर्सरीत लेबलवर 'टेट' लिहिलेलं असतं ते हेच. टेटचे दांडे जाड, पाकळ्या भरीव, रंग दाट. 'डिप' म्हणजे साधी द्विगुणित, तिचा डौल नाजूक. घरच्या बागेसाठी टेट घ्यावी की डिप, यावर मी वेळ घालवणार नाही, दोन्ही चांगल्या. स्वतः संकर करून बघायचा असेल तेव्हाच फरक पडतो, कारण एकीचे पराग सहसा दुसरीवर चालत नाहीत.

ज्यावर वेळ घालवायलाच हवा, ती गोष्ट म्हणजे पानांची सवय. लेबलवर तीनपैकी एक शब्द असतो: डॉर्मंट, एव्हरग्रीन किंवा सेमी-एव्हरग्रीन. डॉर्मंट जातीची पानं थंडीत पूर्ण वाळतात, झाड जमिनीखाली झोपतं आणि मार्चमध्ये हिरवी टोकं वर येतात. एव्हरग्रीन जातीला ही झोप माहीत नाही, हवा जरा ऊबदार झाली की ती वाढू लागते. आपल्याकडे जानेवारीत चार दिवस उबदार जातात आणि पाचव्या दिवशी पारा शून्याखाली उतरतो. अशा हवेत फ्लोरिडात तयार झालेलं नाजूक एव्हरग्रीन कोवळी पानं काढून बसतं, मग ती कुजतात, आणि एखाद्या वर्षी माथ्यासकट गड्डाच जातो. आज बाजारातल्या सगळ्यात झगमगीत, झालरीच्या कडांच्या, दोनरंगी जातींपैकी खूपशा दक्षिणेतल्या पैदासकारांच्या आहेत. सगळ्याच एव्हरग्रीन नाजूक असतात असं मात्र नाही. 'जोन सीनिअर' ही 1977मधली जवळजवळ पांढरी जात एव्हरग्रीन आहे आणि उत्तरेकडच्या थंडीतही ती वर्षानुवर्षं टिकलेली आहे. म्हणून नुसता लेबलवरचा शब्द पुरेसा नाही. ही जात आपल्या भागात किती हिवाळे काढून उभी आहे, हे विचारायचं. विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल, तर ती जात त्या वर्षी सोडून द्यायची.

याचाच दुसरा धागा तांबेऱ्याचा. पक्सिनिया हेमेरोकॅलिडिस नावाची बुरशी 2000 साली अमेरिकेत पहिल्यांदा आढळली. पानावर बोट फिरवलं की हळदीसारखी पूड बोटाला लागते. दक्षिणेत पानं वर्षभर हिरवी असतात, त्यामुळे तिला मुक्काम मिळतो. आपल्याकडे कडक हिवाळ्यात पानं मरतात आणि बहुधा त्यांच्यासह तांबेराही मरतो. पण मे महिन्यात दक्षिणेतून मागवलेल्या पार्सलबरोबर तो नव्याने येऊ शकतो. म्हणून जवळच्या, इथल्या मातीत रोपं वाढवणाऱ्या नर्सरीतून घ्या. बाहेरून मागवलंच, तर पानं चार-सहा इंचांवर छाटून काही आठवडे ते रोप इतरांपासून दूर ठेवा.

आता रंगाकडे येते. निळी डेलिली जगात नाही. इंटरनेटवर निळ्याशार फुलांचे फोटो लावून बिया विकल्या जातात, त्यावर एक डॉलरही घालवू नका. शिवाय नाव असलेल्या वाणाची बी पेरून तेच वाण कधी उगवत नाही, ते मिळतं गड्ड्याच्या फुटव्यातून. शुभ्र पांढरीही नाही. जी आहे तिच्यात सायीची, फिक्या पिवळ्याची किंवा गुलाबी झाक असते. गडद लाल आणि जांभळ्या जाती दुपारच्या उन्हाला मऊ पडतात. पाकळ्यांवर पावसाचे ठिपके उठतात, कडा वितळल्यासारख्या होतात. त्या अशा जागी लावाव्या, जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि दोन-अडीचनंतर घराची किंवा झाडाची सावली येईल. फिक्या पिवळ्या, पीच रंगाच्या जातींना उलट दिवसभर ऊन द्या. सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळालं तर पानं हिरवीगार राहतात, पण दांडे कमी येतात. पाकळ्या उन्हात कशा टिकतात हे बघायचं असेल, तर सार्वजनिक बागेत सकाळी जाऊ नका. जुलैतल्या तापलेल्या दिवशी दुपारी चार-पाचला जा. ब्रॉन्क्सच्या बागेत जा, किंवा सोसायटीने मान्यता दिलेल्या प्रदर्शन बागांची यादी बघून जवळची शोधा. त्या वेळीही जी देखणी दिसेल, तिचं नाव वहीत लिहून घ्या. तिथेच कळ्या मोजा, दांडा पानांच्या वर येतो का बघा, मिटलेली फुलं आपसूक गळतात की चिकट होऊन नव्या फुलाला अडवतात तेही बघा.

इथे चीनमधली एक रीत सांगावीशी वाटते. घर सोडून दूर निघालेला मुलगा जाण्याआधी उत्तरेकडच्या दालनासमोर, जिथे आई राहायची तिथे, डेलिली लावून जायचा. ती बघताना आईला ताटातुटीचा विसर पडावा अशी कल्पना. आदराने आईचा उल्लेख करताना याच झाडाचं नाव घेण्याची प्रथा त्यातूनच आली. आपण सगळे घर सोडून आलेले आहोत. उन्हाळ्यात आपल्या आया, सासवा सहा महिन्यांसाठी इथे येतात, गाडी चालवत नाहीत, दिवसाचा मोठा भाग डेकवर किंवा मागच्या खोलीच्या खिडकीशी बसून काढतात. बागेची आखणी करताना आधी त्यांची बसायची जागा ठरवा आणि तिथून दिसेल असा वाफा करा. डेलिलीची फुलं सूर्याकडे, म्हणजे आपल्या अक्षांशावर बहुतेककरून दक्षिणेकडे तोंड करतात. तेव्हा वाफा बसायच्या जागेच्या उत्तरेला हवा, घराची सावली पडणार नाही इतका लांब. मग फुलं आपल्याकडे बघतात. दक्षिणेला लावलात, तर ती शेजाऱ्यांच्या वाट्याला जातात.

खाण्याविषयी हमखास कुणीतरी विचारतं. इथल्या चिनी किराणा दुकानांत लांबट पिवळसर वाळलेल्या काड्यांची पाकिटं असतात, त्या डेलिलीच्याच कळ्या. हॉट अँड सावर सूपमध्ये आपण त्या नकळत खाल्लेल्या असतात. चव घ्यायची असेल तर ते पाकीट आणा. नर्सरीतून आणलेल्या झाडावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि खऱ्या लिलीची कळी चुकून तोडली गेली तर ती खाण्याजोगी नाही.

आता नावं सांगते. महिन्यांच्या क्रमाने सांगते, कारण लेबलवर 'अर्ली', 'मिड', 'लेट' लिहिलेलं असतं आणि सगळ्या एकाच काळातल्या घेतल्या तर जुलैच्या तीन आठवड्यांत सगळा बहर उरकतो.

मे महिन्यासाठी संकर घेऊच नका, मूळची लेमन लिली घ्या, हेमेरोकॅलिस लिलिओअ‍ॅस्फोडेलस. लिंबाच्या रंगाची, सुवासिक. जून लागताच 'स्टेला दे ओरो'. इंडियानातल्या वॉल्टर जाब्लॉन्स्की यांनी ती 1975मध्ये नोंदवली, उंची जेमतेम फूटभर, फूल पावणेतीन इंचांचं, सोनेरी, आणि पुन्हा पुन्हा फुलणारी. 1985मध्ये तिला डेलिलीच्या वाणांना दिलं जाणारं स्टाउट पदक मिळालं. आज ती पेट्रोल पंपांवर, बँकांच्या पार्किंगमध्ये सगळीकडे आहे, त्यामुळे काही बागप्रेमी तिच्याकडे बघून नाक मुरडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. इतक्या वाईट जमिनीत, डांबराच्या उष्णतेत जी फुलते, तिची पात्रता आणखी कुठे तपासायची? तिचा पिवळा फार गडद वाटत असेल, तर तिचीच मुलगी, डॅरेल अ‍ॅप्स यांची 1986मधली 'हॅपी रिटर्न्स' घ्या. फिका लिंबू रंग, तसाच दीर्घ बहर. अ‍ॅप्स यांचीच 'पार्डन मी' ही दीड फुटी, लहान लाल फुलांची जात कुंडीत आणि वाटेच्या कडेला छान बसते.

जुलैसाठी एकच घ्यायची असेल, तर मी 'हायपेरियन' सांगेन. 1924ची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. तीन फुटांवर उंची, पिवळी, आणि संध्याकाळी खिडकीतून आत येईल इतका सुवास. आजच्या बहुसंख्य नव्या जातींना वास नाही. पैदासकार रंग आणि झालरीच्या मागे गेले आणि वास हातचा सुटला, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तिच्या जोडीला पॅट्रिक स्टामिली यांची 'स्ट्रॉबेरी कँडी', गुलाबी फूल आणि लालसर डोळा, 1998ची स्टाउट पदक विजेती. मोठ्या फुलाची हौस असेल तर त्यांचीच 'रुबी स्पायडर', नऊ इंचांचं लाल फूल आणि पिवळा गळा. ऑगस्टसाठी स्टाउट यांची 'ऑटम मिनारेट' मिळाली तर सोडू नका. साडेपाच फुटांचे दांडे, वाफ्याच्या अगदी मागच्या ओळीत.

यातली बहुतेक रोपं पंधरा-वीस डॉलरच्या आसपास मिळतात. यंदाच बाजारात आलेल्या एका फुटव्याला शंभर, दोनशे डॉलर मागतात. ती संग्राहकांची बाजारपेठ आहे, तिच्यात उतरायचं असेल तर आनंदाने उतरा. पण घरच्या बागेसाठी थांबण्यात फायदा आहे. चार-पाच वर्षांत किंमत उतरते आणि तोवर ते वाण हिवाळ्यात टिकतं का, तांबेरा किती धरतं, हे सगळं उघड होतं. स्टाउट पदकाबरोबर लेनिंग्टन पुरस्काराची यादीही बघा. तो देशातल्या वेगवेगळ्या हवामानांत वर्षानुवर्षं चांगल्या ठरलेल्या जुन्या वाणांना देतात. आपल्या कामाची खरी यादी ती.

हरणांचं मात्र मला खोटं आश्वासन देता येत नाही. ती डेलिलीच्या कळ्या आवडीने खातात, आदल्या संध्याकाळी भरलेले दांडे सकाळी बोडके दिसतात. अंगणात हरणं रोज येत असतील तर कुंपणाच्या आत लावा. नाहीतर दांडे दिसू लागल्यापासून हरणांना पळवणारा फवारा नेमाने मारा, पावसानंतर पुन्हा मारा.

पुण्या-नाशकाला जाताना बॅगेत गड्डा नेऊ का, असंही विचारतात. नेऊ नका. भारतात 2003च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार जिवंत रोपांना आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय इथल्या डॉर्मंट जातीला तिथे हवी तशी थंडी मिळत नाही, ती दरवर्षी खंगत जाते. तिथल्या नर्सरीतून एव्हरग्रीन डेलिली घ्यावी, उंच वाफ्यात लावावी, कारण आपल्या पावसाळ्यात पाणी साचलं तर गड्ड्याचा माथा कुजतो. दुपारची सावली तिथे सगळ्याच रंगांना हवी.

लावणीचं थोडक्यात. इथे एप्रिल-मे किंवा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हे दोन हंगाम. गड्ड्याचा माथा मातीखाली एक इंच, त्याहून खोल नाही. दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर. पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची हयगय नको. फुलं मिटली की बी धरू देऊ नका, दांडा पिवळा पडल्यावर बुडापासून कापा. चार-पाच वर्षांनी फुलं कमी वाटू लागली, की गड्डा काढून हाताने सोडवायचा आणि दोन-तीन फुटव्यांचे भाग करून पुन्हा लावायचे. प्रत्येक भागाबरोबर वाणाचं नाव आणि वर्ष लिहिलेली धातूची पट्टी ठेवा. प्लास्टिकवरची शाई दोन हिवाळ्यांत जाते, आणि नाव हरवलेल्या वाणाविषयी पुढे कुणाला काहीच सांगता येत नाही.

सप्टेंबरमध्ये माझ्याकडचे 'हायपेरियन' आणि 'हॅपी रिटर्न्स'चे गड्डे सोडवायचे आहेत. ज्यांना फुटवे हवे असतील, त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावं आणि नावासमोर अंगणात ऊन किती तास असतं तेही लिहावं, म्हणजे कुणाला कोणतं द्यायचं ते मला ठरवता येईल.